ऑपरेशन थिएटरमधली कव्हरे आणि रिकॉलचे पत्र

रिकॉल हा शब्द आपल्या घरात शिरतो तो बहुधा गाडीच्या निमित्ताने. टकाटा कंपनीच्या एअरबॅगांचे प्रकरण निघाले तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांना होंडाचे किंवा टोयोटाचे पत्र आले असेल: अमुक मॉडेल, अमुक वर्ष, डीलरकडे गाडी घेऊन या, काम फुकट करून मिळेल. पत्र घरी येते, कारण गाडीचा नंबर आणि आपला पत्ता सरकारदप्तरी एकत्र नोंदलेला असतो. पालकाच्या जुडीचा किंवा पीनट बटरचा रिकॉल निघाला तर निदान बातम्यांत तरी कानावर पडतो. पण तुमचे हर्नियाचे ऑपरेशन ज्या कॅमेऱ्याने झाले, त्या कॅमेऱ्यावर चढवलेले निर्जंतुक प्लॅस्टिकचे कव्हर उद्या कंपनीने परत मागवले, तर तुमच्या घरी पत्र येणार नाही. ते जाते हॉस्पिटलच्या कोठीत.

या अंकातल्या 'आरोग्य आणि अर्थ' सदरासाठी याच कव्हरांवर लिहायचे ठरवले आहे. मी डॉक्टर नाही. शिक्षण इंजिनियरिंगचे आणि नोकरी सॉफ्टवेअरची. गेली काही वर्षे हॉस्पिटलांच्या सामानाचा साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे रिकॉलची पत्रे पेशंटच्या नव्हे तर गोदामाच्या बाजूने पाहायला मिळतात. औषधपाण्याचे प्रश्न मंडळातल्या डॉक्टर मंडळींना विचारावेत. मी सांगणार आहे ते खोक्यांच्या, लेबलांच्या आणि बिलांच्या अंगाने.

यंत्रांचे सोवळे

ऑपरेशनमध्ये लागणारी जी वस्तू वाफेने निर्जंतुक करता येते ती तशी करतात. चिमटे, कात्र्या, पकडी ऑटोक्लेव्हमध्ये जातात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. पण काही यंत्रे कुकरमध्ये घालता येत नाहीत. हाडांच्या ऑपरेशनमध्ये लागणारा सी-आर्म, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला फिरता एक्स-रे, मोतीबिंदूच्या आणि मेंदूच्या ऑपरेशनचा मायक्रोस्कोप, दुर्बिणीच्या ऑपरेशनमधला कॅमेरा आणि त्याची लांबलचक केबल, सोनोग्राफीचा प्रोब, रोबोटचे हात. यांतले बरेचसे वाफेत घातले तर कायमचे निकामी होईल, आणि सी-आर्म तर मावणारच नाही.

म्हणून या यंत्रांवर पातळ, पारदर्शक, एकदाच वापरून फेकून द्यायची कव्हरे चढवतात. इथे त्यांना ड्रेप म्हणतात, लांब नळीसारखे असेल तर स्लीव्ह. डोक्यावरचा दिवा हलवायला सर्जन जो दांडा धरतो त्यालाही छोटे टोपीवजा कव्हर असते. ज्यांनी आजीचे सोवळे पाहिले आहे त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. सर्जनचे हात, गाऊन, हत्यारे, टेबल हे सारे सोवळ्यात, यंत्र ओवळ्यात, आणि दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पापुद्रा. आजीच्या सोवळ्याला आपण शिवलो तर फार तर तिला पुन्हा आंघोळ करावी लागे. इथे पापुद्र्याला भोक असेल तर यंत्रावरचे जंतू सर्जनच्या हातमोज्यावर आणि तिथून उघड्या जखमेत जाऊ शकतात.

'जाऊ शकतात' हे शब्द मी मुद्दाम वापरले. भोक पडले की इन्फेक्शन झालेच असे नसते. यंत्र आधी पुसून घेतलेले असते, खोलीतली हवा गाळलेली असते, कित्येक ऑपरेशनांत चिरा देण्याआधीच अँटिबायोटिक दिलेले असते. एक भिंत पडली तरी मागे दुसऱ्या असतात. कव्हरावर एकट्यावर विसंबू नये हे वैद्यकशास्त्रालाही ठाऊक आहे. गरोदरपणात किंवा आयव्हीएफच्या वेळी आतून करायच्या सोनोग्राफीचेच पाहा. प्रोबवर कव्हर घातलेले असले तरी दर पेशंटनंतर त्या प्रोबचे वरच्या दर्जाचे रासायनिक निर्जंतुकीकरण व्हायलाच हवे, अशी सीडीसीची स्पष्ट सूचना आहे, कारण कव्हरे फाटतात. आपल्या मुलीसुनांबरोबर क्लिनिकमध्ये जाणे झाले तर "हा प्रोब दोन पेशंटच्या मध्ये कसा साफ करता?" एवढे विचारायला काहीच हरकत नाही. चांगले क्लिनिक या प्रश्नाचे उत्तर न चिडता देते.

शितावरून भाताची परीक्षा

निर्जंतुक म्हणजे किती निर्जंतुक? उद्योगाचा नेहमीचा दंडक असा, की एखाद्या वस्तूवर जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा जास्त नसावी. आता ही गोष्ट तपासायची कशी? कव्हर उघडून तपासले की ते निर्जंतुक राहिले नाही, म्हणजे तपासलेले कव्हर फेकायचेच. मग शितावरून भाताची परीक्षा करावी, तर तीही इथे चालत नाही. माझ्यातल्या इंजिनियरला राहवत नाही म्हणून एक लहानसे गणित मांडतो. समजा हजार पिशव्यांमागे एक पिशवी सदोष आहे. हा दर दहा लाखांत एकाच्या हजारपट वाईट झाला. अशा ढिगातून शंभर पिशव्या काढून तपासल्या, तरी एकही सदोष न सापडण्याची शक्यता सुमारे ९० टक्के आहे. शंभर शिते दाबून पाहिली, सगळी शिजलेली निघाली, आणि भात तरीही कच्चा!

म्हणून या धंद्यात वस्तू तपासण्यापेक्षा कृती तपासण्यावर सारा भर असतो. किती तापमान, किती दमटपणा, किती वेळ, किती गॅस हे आधी प्रयोगाने ठरवायचे. मारायला अत्यंत चिवट अशा जंतूंची बीजे असलेल्या पट्ट्या ढिगात अवघड जागी ठेवायच्या आणि त्यासुद्धा मेल्या हे पाहायचे. मग रोज तीच कृती काटेकोर पाळायची. पुरणपोळी प्रत्येक चाखून पाहता येत नाही. पुरण नीट शिजले, कणीक नीट मळली, तवा नेहमीचा, तर पोळी बिघडणार नाही अशा विश्वासावर आपण पंगत बसवतो. तसेच हे.

एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंसाठी वापरतात तो गॅस म्हणजे इथिलीन ऑक्साइड. एफडीएच्या म्हणण्याप्रमाणे अमेरिकेतली सुमारे निम्मी निर्जंतुक वैद्यकीय साधने, म्हणजे वर्षाला २००० कोटींहून जास्त, या एका गॅसने निर्जंतुक होतात. पिशवीची एक बाजू टायवेकची असते. नव्या वसाहतीत घरे बांधताना भिंतींना ते पांढरे कापडासारखे काहीतरी गुंडाळलेले दिसते ना, त्याच जातीचे हे. टायवेकमधून गॅस आत जातो आणि बाहेरही पडतो, जंतू मात्र जात नाहीत. हा गॅस माणसालाही घातक आहे, कर्करोग करणारा आहे. आमच्या शिकागोजवळच्या विलोब्रुकमधला स्टेरिजेनिक्सचा कारखाना याच कारणाने २०१९ च्या फेब्रुवारीत इलिनॉय राज्याने बंद केला. शेजाऱ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि थोड्याच आठवड्यांत लहान मुलांच्या श्वासनलिकेत घालायच्या विशिष्ट नळ्यांचा देशभर तुटवडा झाला, कारण त्या तिथे निर्जंतुक होत होत्या. दोन्ही बाजूंची माणसे खरी होती. असो.

हे सारे चुकते कुठे? बहुतेक वेळा फार साध्या जागी. पूर्वी भारतातून येताना आई मसाल्याच्या पिशवीचे तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायची. कारखान्यात हेच काम यंत्र करते, आणि यंत्राचा साचा थोडा थंड राहिला की शिवणीत केसाएवढी फट राहते. मसाल्याचा वास बाहेर आला की आपल्याला कळते. इथे वासही येत नाही. कधी प्लॅस्टिकलाच सुईच्या टोकाएवढे भोक असते. कधी निर्जंतुक न केलेल्या मालावर 'स्टराइल' असे लेबल लागते, कधी मुदतीची तारीख चुकते. कधी निर्जंतुकीकरणाच्या नोंदी पुऱ्या सापडत नाहीत, आणि नोंद नाही म्हणजे काम झाले नाही असेच धरायचा या क्षेत्राचा रिवाज आहे. मला तो रिवाज पटतो. पाकिटावर रंग बदलणारा एक ठिपका असतो, त्याचा अर्थ एवढाच की हे पाकीट गॅसच्या खोलीत जाऊन आले. शिवण नंतर उसवली असेल तर ठिपक्याला त्याचा पत्ता नसतो.

पत्र कुणाला जाते

रिकॉल सरकार करते असा आपला समज असतो. बहुतेक वेळा तो कंपनी स्वतः करते, आणि बातमीत त्याला 'स्वेच्छेने' असे म्हणतात. सक्तीने माल परत मागवायचा अधिकार एफडीएला आहे, पण तो क्वचित वापरावा लागतो, कारण वापरायची पाळी आलेली कोणत्याच कंपनीला परवडत नाही. आरोग्याला धोका कमी करण्यासाठी माल परत घेतला किंवा जागेवर दुरुस्त केला, तर कंपनीने १० कामाच्या दिवसांत एफडीएला कळवायचे असते. मग एफडीए त्या रिकॉलला वर्ग देते. पहिला वर्ग म्हणजे गंभीर इजा किंवा मृत्यू होण्याची रास्त शक्यता. दुसरा म्हणजे तात्पुरता, बरा होण्याजोगा त्रास, किंवा गंभीर इजेची शक्यता दूरची. तिसरा म्हणजे इजा होण्याचा फारसा संभव नाही. मला भेटणारे लोक हे आकडे उलटे समजतात, पहिला वर्ग म्हणजे उत्तम असे. रेल्वेच्या फर्स्ट क्लासची सवय, दुसरे काय. इथे पहिला सर्वांत वाईट. आणि हा वर्ग कंपनीचे पत्र निघाल्यावर पुष्कळदा काही आठवड्यांनी ठरतो, म्हणून "अजून वर्ग दिलेला नाही" याचा अर्थ "काळजीचे कारण नाही" असा घेऊ नये.

पत्र जाते ते ज्यांनी माल विकत घेतला त्यांना: वितरकाला, हॉस्पिटलला, सर्जरी सेंटरला. त्यावर माल क्रमांक आणि लॉट क्रमांक असतो. कोठीतल्या माणसाने तो लॉट शोधायचा, बाजूला काढायचा, किती सापडले ते लिहून फॉर्म परत पाठवायचा. फॉर्म आला नाही तर कंपनीने पुन्हा विचारायचे.

कागदावर हे चोख दिसते. अडचण येते खोक्यात खोके असले की. हल्ली एकेका ऑपरेशनसाठी लागणारे सगळे सामान एकाच तयार संचात येते, त्याला पॅक किंवा किट म्हणतात. एका पॅकमध्ये टेबलाचे आवरण, गाऊन, यंत्राचे कव्हर, सुया, गॉझ, पाण्याची बाटली असे दहावीस कंपन्यांचे सामान असते. त्यातली एक वस्तू बाद झाली की पॅकच बाद. सॉफ्टवेअरवाले वाचक लगेच ओळखतील: आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्याची लायब्ररी, तिच्यात तिसऱ्याची, आणि दोष निघाला त्या तिसऱ्यात.

याचे ठळक उदाहरण २०२० च्या जानेवारीतले, कोविड इथे पसरण्याच्या अगदी आधीचे. कार्डिनल हेल्थ या मोठ्या कंपनीने सर्जनचे ९१ लाख गाऊन परत मागवले. चीनमधल्या तिच्या एका पुरवठादाराने काही गाऊन एफडीएकडे नोंद नसलेल्या, योग्य स्वच्छता नसलेल्या जागी करून घेतले होते. गाऊन निर्जंतुक आहेत की नाहीत याची खात्री देता येईना. गाऊन बाद झाले म्हणून ते ज्यांत घातले होते ते २९ लाख पॅकही बाद. त्या पॅकमधली इतर कव्हरे आणि हत्यारे धडधाकट होती, पण बाद गाऊनच्या सोबतीने तीही अडकली. कित्येक हॉस्पिटलांना ठरलेली ऑपरेशने पुढे ढकलावी लागली. पुन्हा २०२३ च्या नोव्हेंबरात नर्स असिस्ट या कंपनीने निर्जंतुक पाणी आणि सलाइनची आपली उत्पादने परत मागवली, तेव्हाही तेच झाले. त्या बाटल्या दुसऱ्या कंपन्यांच्या किटांत गेलेल्या होत्या, म्हणून त्या कंपन्यांचेही रिकॉल एकामागून एक निघाले. मूळ पत्र वाचून आपल्या कोठीत ती बाटली नाही असे म्हणणाऱ्याच्या फडताळात ती किटच्या पोटात बसलेली असू शकते.

हे सोडवायला एफडीएने २०१३ मध्ये प्रत्येक साधनाला ओळख क्रमांक देण्याचा नियम केला. चांगला नियम आहे. पण त्यात एक सवलत आहे: किटच्या लेबलावर क्रमांक असला की आतल्या प्रत्येक वस्तूवर स्वतंत्र क्रमांक असलाच पाहिजे असे नाही. शिवाय क्रमांक असणे वेगळे आणि तो नोंदणे वेगळे. गुडघ्याच्या सांध्याचा किंवा पेसमेकरचा क्रमांक पेशंटच्या कागदात चिकटवतात. काही डॉलरच्या प्लॅस्टिक कव्हराचा लॉट कोण लिहून ठेवणार? माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच जागी साठ्यात नोंद असते ती 'मायक्रोस्कोप ड्रेप, ४० नग' एवढीच. मंगळवारच्या तीन ऑपरेशनांत कोणत्या लॉटचे कव्हर वापरले हे बुधवारी सांगता येत नाही. परत मागवलेला माल फडताळावर असेल तर हमखास उचलला जातो. आधीच वापरला गेला असेल, तर तो कुणासाठी वापरला हे शोधायला मागच नसतो. सगळ्या साखळीतली माझ्या मते हीच कच्ची कडी आहे.

माग असला तर काय फरक पडतो हे एक्झॅक्टेक कंपनीच्या प्रकरणात दिसले. तिथेही दोष वेष्टणाचाच होता. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यातला प्लॅस्टिकचा भाग ज्या पिशवीत यायचा, तिच्यात ऑक्सिजन अडवणारा एक थरच नव्हता. पिशवीतल्या पिशवीत तो भाग हवेने जीर्ण व्हायचा आणि शरीरात गेल्यावर लवकर झिजायचा. २०२१ मध्ये रिकॉल सुरू झाला, २०२२ च्या फेब्रुवारीत वाढवला गेला, आणि २००४ पासून अमेरिकेत बसवलेले गुडघ्याघोट्याचे सुमारे १ लाख ४७ हजार भाग त्यात आले. सांध्यांची नोंद होती म्हणून सर्जनना आपापल्या पेशंटना बोलावता आले. आपल्यातल्या कुणाच्या आईवडिलांचे गुडघे त्या काळात इथे बदलले असतील तर सर्जनच्या ऑफिसला फोन करून कंपनीचे नाव विचारून घ्यावे.

दादांचा डिसेंबर

आता अर्थाकडे वळू, कारण रिकॉलचा फटका जंतूंपेक्षा खिशाला बसल्याचेच मी जवळून पाहिले.

माझ्या पत्नीचे मोठे भाऊ, आमचे दादा, यांचे हर्नियाचे दुर्बिणीचे ऑपरेशन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठरले होते. चार दिवस आधी सर्जरी सेंटरचा फोन आला: कॅमेऱ्याचे कव्हर असलेले पॅक परत मागवले आहेत, तारीख जानेवारीत देतो. दादा खूश. म्हणाले, "बरे झाले जावईबापू, नाताळची सुट्टी तरी घरी काढू." मी म्हटले, "दादा, सुट्टी काढा, पण तुमचे डिडक्टिबल किती भरले आहे ते आधी सांगा."

त्यांच्या विम्याचे डिडक्टिबल ३००० डॉलर. इमर्जन्सी रूमची एक फेरी आणि स्कॅन यांत ते ऑक्टोबरातच भरून झाले होते. ऑपरेशनचा विमा कंपनीशी ठरलेला दर धरा १४००० डॉलर, आणि डिडक्टिबलनंतर पेशंटचा वाटा २० टक्के. डिसेंबरात ऑपरेशन झाले असते तर दादांना २८०० डॉलर भरावे लागले असते. जानेवारीत डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून. म्हणजे आधी ३००० आणि उरलेल्या ११००० चे २० टक्के, म्हणजे २२००, मिळून ५२००. कव्हर बदलण्यापायी २४०० डॉलरचा फरक, आणि तो देणार कोण? कव्हर बनवणारी कंपनी हॉस्पिटलला मालाचे पैसे परत देते. पेशंटच्या डिडक्टिबलशी तिचे देणेघेणे नसते. विमा कंपनी सेवा ज्या दिवशी दिली तो दिवस बघते, कारण बघत नाही.

दादांनी मग स्वतः फोन करून सेंटरच्या मॅनेजरबाईंना विचारले: सुटे कव्हर दुसऱ्या कंपनीचे मागवून ऑपरेशन याच वर्षात होईल का? सर्जन ज्या दुसऱ्या हॉस्पिटलात जातात तिथे जागा आहे का? आणि कुणी तारीख रद्द केली तर आम्हाला कळवाल का? हे तिन्ही प्रश्न विचारण्यासारखेच आहेत, पण त्यांच्या वेळी सर्जनच सुट्टीवर जाणार होते, त्यामुळे तारीख जानेवारीचीच राहिली. मी त्यांना घाई करू नका असेच सांगितले. हर्निया दुखत नव्हता, डॉक्टरांच्या मते थांबण्यात धोका नव्हता, आणि २४०० डॉलर वाचवायला दूरच्या, सर्जनच्या सवयीच्या नसलेल्या जागी ऑपरेशन करून घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. दुखणे वाढत असते तर हिशेब वेगळा झाला असता.

तारीख बदलली की कागदही बदलावे लागतात, आणि इथे पुष्कळांचा पाय अडकतो. विमा कंपनीची आगाऊ मंजुरी ठराविक तारखांपुरती असते. नव्या तारखेची मंजुरी घेतली आहे का हे सेंटरला विचारून, आणि विमा कंपनीला स्वतः फोन करून, दोघांकडून पक्के करा. वर्ष बदलले की तेच सेंटर किंवा तोच सर्जन तुमच्या योजनेच्या यादीतून गळलेला असू शकतो, तेही पाहा. फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटमध्ये ऑपरेशनसाठी पैसे राखले असतील तर ते वर्षअखेर बुडू शकतात. काही मालक थोडी रक्कम पुढे नेऊ देतात किंवा अडीच महिन्यांची सवड देतात, काही दोन्ही देत नाहीत. दादांनी त्या पैशांत घरातल्या तिघांचे चष्मे केले. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटला ही भीती नाही, ते पैसे आपलेच राहतात. आणि हो, जानेवारीतच डिडक्टिबल भरले गेल्याने उरलेल्या वर्षातली दादांची फिजिकल थेरपी स्वस्त पडली, म्हणजे तोटा पूर्ण २४०० चा राहिला नाही. घरात आणखी काही उपचार पुढे ढकललेले असतील तर ते त्याच वर्षात उरकावेत.

व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेल्या आईवडिलांची गोष्ट जास्त नाजूक. त्या पॉलिसीला संपण्याची तारीख असते आणि परतीचे तिकीटही काढलेले असते. ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेले आणि पॉलिसी मध्येच संपली तर पुढचे सारे बिल अंगावर येऊ शकते. पॉलिसी वाढवायची ती संपण्याआधी वाढवा. नवी पॉलिसी काढली तर हाच आजार आधीपासूनचा आजार ठरतो.

ऑपरेशनआधीच्या भेटीत "इथे रिकॉलची पत्रे कोण पाहतो?" हा प्रश्न विचारायला मला स्वतःला संकोच वाटत नाही. हॉस्पिटलात त्यासाठी नेमलेला माणूस किंवा विभाग असतो. छोट्या सेंटरमध्ये हेच काम एखाद्या नर्सकडे इतर दहा कामांबरोबर असते. ऑपरेशननंतर ऑपरेशनची नोंद आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंची यादी मागून घ्या. ती तुमचीच कागदपत्रे आहेत. पुण्याला किंवा नागपूरला आईवडिलांचे ऑपरेशन होत असेल तर बसवलेल्या वस्तूचे स्टिकर फाइलला लावून घ्यायला भावंडांना सांगा. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४७०० जणांना बसवला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांचा माग नंतर केंद्र सरकारच्या समितीलाही लागला नाही. भारतात वैद्यकीय साधनांसाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आता आहेत, पण फाइलमधले स्टिकर कोणत्याही नियमापेक्षा लवकर सापडते.

ऑपरेशननंतर जखम लाल झाली, पू आला, ताप चढला तर सर्जनला त्याच दिवशी कळवा. त्या वेळी कव्हराचा, लॉटचा विचार करत बसू नका. बरे वाटल्यावर, साधनात किंवा त्याच्या वेष्टणात दोष असल्याची शंका असेल तर पेशंटलाही थेट एफडीएला कळवता येते. ही मेडवॉच नावाची व्यवस्था १९९३ पासून आहे. फोन १-८००-३३२-१०८८, आणि सामान्य माणसांसाठीचा फॉर्म ३५००बी. तक्रार सिद्ध करायची जबाबदारी आपली नसते.

याच फॉर्मवर लॉट क्रमांकाची एक चौकट आहे. ऑपरेशन थिएटरमधल्या वस्तूचा लॉट आपल्याला सांगता येणार नाही, ती चौकट रिकामी ठेवली तरी चालते. पण जखमेच्या पट्ट्या, कॅथेटरचे किट, घरी करायच्या डायलिसिसचे सामान असे खोके थेट आपल्या दारात येते, तेव्हा पत्र येण्याची जागा आपलेच घर असते. खोके फेकण्याआधी लेबलाची बाजू कापून सामान संपेपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवावी. आमच्या शेजारच्या काकू डायलिसिसच्या प्रत्येक खोक्याचे लेबल कॅलेंडरच्या त्या त्या महिन्याच्या पानामागे चिकटवतात.